मोटारींच्या पिढ्या आणि त्यांचे आकडे

जमिनीच्या दाव्यांत ज्यांची उमेद गेली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रत्येक शेताला दोन नावे असतात. एक गावाच्या तोंडी रुळलेले : वडाचे शेत, तळ्याकाठचे शेत, असले काहीतरी, आणि दुसरे सरकारी दप्तरातले, म्हणजे नुसता सर्व्हे नंबर. गावकरी पहिले नाव घेतो, न्यायाधीश दुसरे घेतो आणि दोन्हींची गाठ पडते ती वकिलाच्या कचेरीत. कोणा शेतकऱ्याने आपल्या शेताला प्रेमाने सर्व्हे नंबराने हाक मारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. स्पोर्ट्स मोटारींच्या जगात मात्र नेमके हेच घडले आहे. तेथे कारखान्याने गाडीला दिलेले नाव मागे पडते आणि आरेखकांच्या वहीत, केवळ त्यांच्या सोयीसाठी टिपलेला आकडा शौकिनांच्या तोंडी बसतो.

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या अंगणात अशी गाडी उभी असेल, आणि आमच्या तर नाहीच. परंतु त्यांची नातवंडे आपसांत बोलताना 'नाइन-नाइन-थ्री', 'नाइन-नाइन-सिक्स' अशी काही मंत्राक्षरे उच्चारताना त्यांनी खचित ऐकली असतील. ही मंत्राक्षरे म्हणजे एकाच गाडीच्या निरनिराळ्या पिढ्या होत. गाडीचे नाव एकच : पोर्शे ९११. साठ वर्षांहून अधिक काळ ते बदललेले नाही. आणि हे न बदलणारे नाव जन्मास आले ते एका कायदेशीर हरकतीतून, म्हणूनच आम्हांस या विषयाची गोडी लागली.

प्रारंभ जरा मागून करावयास हवा. फर्डिनांड पोर्शे (१८७५–१९५१) यांनी जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी १९३१ मध्ये स्वतःची आरेखन-कचेरी थाटली. या कचेरीत मोटारी बनत नसत. दुसऱ्या कारखान्यांसाठी मोटारींचे आराखडे तयार होत. जे काम येई त्यास वहीतला पुढचा क्रमांक मिळे, जसा आमच्या कचेरीत प्रत्येक नव्या पक्षकाराच्या फायलीस मिळतो. या वहीतला पहिला आकडा मात्र १ नव्हता. वांडरर कंपनीच्या गाडीचे काम ७ या क्रमांकाने नोंदले गेले. आपण या ग्राहकाचे पहिलेच काम करीत आहोत हे त्याच्या ध्यानी येऊ नये म्हणून असे केले, असे सांगतात. नवख्या वकिलांनी पहिली पावती एकशे एकाव्या क्रमांकाची फाडण्याची प्रथा आमच्या धंद्यातही अज्ञात नाही. तेव्हा या चातुर्याबद्दल पोर्शे यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

या वहीत पुढे २२ व्या क्रमांकाखाली आउटो उनियोनची शर्यतीची गाडी आली. ६० व्या क्रमांकाखाली, साऱ्या जगाने पुढे 'बीटल' म्हणून ओळखलेली फोक्सवागेन आली. युद्ध संपले आणि ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी जून १९४८ मध्ये स्वतः पोर्शे घराण्याचे नाव धारण करणारी पहिली गाडी रस्त्यावर उतरली, तेव्हा वहीतला आकडा ३५६ होता. गाडीचे नाव म्हणून तोच आकडा विकला गेला. येथे आरेखकाचा क्रमांक आणि बाजारातले नाव यांत तिळमात्र अंतर नव्हते. सुधारणा झाल्या तेव्हा आकड्यापुढे अक्षर लागले : १९५५ मध्ये ३५६ ए, १९५९ मध्ये ३५६ बी, १९६३ मध्ये ३५६ सी. १९६५ पर्यंत या सर्व मिळून सुमारे ७६ हजार गाड्या झाल्या. ही पद्धत सरळ आणि समजण्यास सोपी होती. ती अशीच चालू राहिली असती तर आज आम्हांस लिहिण्यासारखे काही उरले नसते.

नवी गाडी सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली. संस्थापकांचे चिरंजीव फेरी पोर्शे आता कारभार पाहात होते आणि गाडीचे रूप नातू फर्डिनांड अलेक्झांडर यांच्या हातचे होते. पाठीमागे बसविलेले, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे, दोन लिटरचे एंजिन. आणि नाव ९०१. वहीतला आकडा एकदम नऊशेंवर का गेला, याचे कारण व्यवहारी आहे. फोक्सवागेनशी सुट्या भागांच्या व्यवस्थेत पुढेमागे सहकार्य करावे लागेल असा अंदाज होता. तेव्हा दोघांच्या याद्यांत आकड्यांची टक्कर होता कामा नये. फोक्सवागेनकडे नऊशेच्या घरातले आकडे मोकळे होते. म्हणून सहा सिलिंडरांची ती ९०१ आणि तिची पुढे यावयाची चार सिलिंडरांची धाकटी बहीण ९०२. एका मालकाने आपल्या वाड्याची भिंत घालताना शेजाऱ्याच्या हद्दीकडे पाहावे तसे हे झाले. दुर्दैवाने शेजारी एक नव्हता, दोन होते, आणि पाहिले गेले ते एकाकडेच.

दुसरा शेजारी फ्रान्समधील प्यूजो. या कंपनीने १९२९ साली २०१ नावाची गाडी काढली आणि तेव्हापासून तीन आकडी, मधोमध शून्य असलेली नावे ही जणू आपली कुळाची मिळकत मानली. ३०१, ४०२, २०३, ४०३, ४०४ अशी मालिकाच तिने चालविली. वाचकांनी या आकड्यांकडे किंचित निरखून पाहावे. पहिला आकडा गाडीचा थोर-लहानपणा सांगतो आणि शेवटचा पिढी सांगतो. ४०३ ची वारस ४०४. पिढीची ओळख नावातच पेरून ठेवण्याची इतकी नेटकी रीत दुसऱ्या कोणा कारखान्याने तोवर लावली नव्हती.

ऑक्टोबर १९६४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ९०१ दिसली आणि प्यूजोने हरकत घेतली : मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये आपला हक्क आहे. पोर्शेपुढे तीन मार्ग होते. कोर्टात जाऊन झगडावे. फ्रान्सपुरते वेगळे नाव ठेवावे. अथवा सर्वत्र नाव बदलावे. फ्रान्सची बाजारपेठ गमावण्यासारखी नव्हती आणि एकाच गाडीची दोन देशांत दोन नावे चालविणे म्हणजे नसती कटकट. फेरी पोर्शे यांनी त्याच महिन्यात निर्णय दिला : शून्याच्या जागी एक घाला. नावाच्या पट्टीसाठी ९ आणि १ हे आकडे आधीच तयार होते, म्हणून खर्चही नाममात्र आला, अशी आख्यायिका आहे. ९०१ ची ९११ झाली आणि ९०२ विक्रीस येईतो ९१२ झाली. तोवर ९०१ या नावाने ८२ गाड्या तयार झाल्या होत्या.

खटला उभा राहिला नाही, म्हणून न्यायालयाने या हक्काचे वजन करून पाहिले नाही. आमच्या व्यवसायाचे त्यात नुकसान झाले खरे, परंतु सल्ला म्हणून विचाराल तर आम्हीही फेरी पोर्शे यांना तोच दिला असता. आकड्यावर मालकी सांगता येते काय, हा प्रश्न मात्र मोठा रंजक आहे. आपल्या देशात १९५८ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याने चिन्हाच्या व्याख्येत अक्षराबरोबर आकडाही घेतला होता आणि आज लागू असलेल्या १९९९ च्या कायद्यातही तो आहे. कपडे धुण्याचा '५०१' साबण ज्यांच्या घरी आला त्यांना आकडा हे नाव होऊ शकते हे कायदा न वाचताही कळते. उलट अमेरिकेत १९९१ साली इंटेल कंपनीचा '३८६' या आकड्यावरील हक्क न्यायालयाने मानला नाही, आणि त्या कंपनीने पुढची चकती १९९३ मध्ये 'पेंटियम' या अक्षरी नावाने आणली. तात्पर्य हे की एकाच आकड्याचे भाग्य देशागणिक पालटते. प्यूजोचा हक्कही अशाच मर्यादेतला होता. पोर्शेच्या ९०४, ९०६, ९०७, ९०८ या शर्यतीच्या गाड्या त्याच आकड्यांनी इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. आणि इटलीच्या फेरारीने १९७५ मध्ये खुद्द पॅरिसच्या प्रदर्शनातच '३०८' नावाची गाडी मांडली.

आता आमचा मुख्य मुद्दा. या हरकतीने वरवर पाहता एका शून्याचा एक झाला. वस्तुतः काही वेगळेच घडले. ३५६ पर्यंत कामाचा क्रमांक हेच गाडीचे नाव होते. ९११ हे या घराण्याच्या मोटारींतले पहिले मोठे नाव, जे वहीतल्या क्रमांकावरून आले नाही, बाहेरच्याच्या दाव्यामुळे घ्यावे लागले. सुट्या भागांच्या क्रमांकांत ९०१ तसाच राहिला. पहिल्या काळातील ९११ चा भाग मागवावयाचा तर त्याच्या क्रमांकाच्या आरंभी आजही ९०१ लिहावे लागते. म्हणजे दर्शनी पाटीवर एक नाव आणि दप्तरात दुसरा क्रमांक, अशी दुहेरी नोंद १९६४ पासून सुरू झाली. एकदा नाव आणि क्रमांक वेगळे झाले की नाव अचल ठेवून क्रमांक हवे तितके बदलता येतात. अशी सोय करावी असे कोणी ठरविले होते असे आमचे म्हणणे नाही. पण सोय झाली, आणि पुढच्या साठ वर्षांचा इतिहास तिच्याच आधारे चालला.

ती वापरात येण्यासही वेळ लागला. १९६८ सालच्या गाड्यांपासून कारखान्याने प्रत्येक सालाला एक अक्षर दिले : ए, बी, सी या क्रमाने. अमेरिकेने धक्का सोसणाऱ्या बंपरांचा नियम केला. त्यापायी गाडीचे नाक-शेपूट पालटून १९७३ मध्ये जी गाडी बाहेर पडली ती १९७४ सालची म्हणून गणली गेली, आणि त्या सालाचे अक्षर 'जी' होते. पुढे अक्षरे सरकत गेली, परंतु १९८९ पर्यंतच्या साऱ्या गाड्यांना शौकीन आजही 'जी' मालिका म्हणतात. एका वर्षाचे अक्षर पंधरा वर्षांच्या कपाळी बसले. याच काळात, १९७४ मध्ये टर्बो गाडी आली. पाटीवर '९११ टर्बो', दप्तरात ९३०. मालकांनी दप्तरातला आकडा शोधून काढला आणि तोच उचलून धरला.

१९८८ मध्ये जी गाडी आली तिचे ८५ टक्के भाग नवे आहेत, असे कारखान्यानेच जाहीर केले. तरी नाव ९११ च. वहीत ती ९६४ होती. यानंतर १९९३ मध्ये ९९३, १९९७ मध्ये ९९६, २००४ मध्ये ९९७, २०११ मध्ये ९९१ आणि २०१८ मध्ये ९९२. या ओळीत क्रम शोधू जाणाऱ्याची फसगत होते. ९६४ आणि ९९३ यांच्यामध्ये ९६८ सारखी अगदी निराळ्या जातीची गाडी आहे, आणि चार दारांच्या एका गाडीचे, ९८९ चे, काम अर्ध्यावर सोडून दिलेले आहे. ९९७ नंतर हजारच्या अलीकडे दोनच आकडे उरतात. तेथून क्रम मागे वळून ९९१ वर आला. थोरल्या भावाचा आकडा मोठा आणि धाकट्याचा लहान! वंशावळ म्हणून ही यादी कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. ती मुळात वंशावळ नव्हेच, ती कामांची वही आहे. वंशावळीसारखी ती वाचली वाचकांनी.

आणि वाचली ती किती कडव्या निष्ठेने! १९९७ ची ९९६ येईपर्यंत ९११ चे एंजिन हवेने थंड होत असे. ९९६ मध्ये प्रथमच ते काम पाण्याने होऊ लागले. शिवाय खर्च वाचावा म्हणून ९८६ या क्रमांकाची, स्वस्त अशी जी बॉक्स्टर गाडी १९९६ मध्ये आली होती तिच्याशी हिचा पुढचा भाग समान ठेवला गेला. तिचे दिवे पूर्वीसारखे वाटोळे नव्हते. जर्मन लोकांनी त्यांना 'तळलेले अंडे' असे नाव ठेवले, जे आमच्या शाकाहारी वाचकांनी केवळ ज्ञानार्थ लक्षात घ्यावे. कारखान्याचे म्हणणे : ही ९११ आहे. जुन्या शौकिनांचे म्हणणे : ही ९९६ आहे. एकाच गाडीविषयी ही दोन्ही विधाने खरी, पण त्यांतला अभिप्राय सर्वस्वी उलट. नावाने वारसा चालू आहे असे सांगावयाचे आणि क्रमांकाने तो तुटला असे सांगावयाचे. दत्तकाच्या दाव्यात एक पक्ष आडनावावर बोट ठेवतो आणि दुसरा जन्मनोंदीवर, त्यातलाच हा प्रकार. ९९३ हा 'शेवटचा हवाथंड' म्हणून पूजनीय ठरला, जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याचा भाव चढला, आणि ९९६ बराच काळ सावत्र मुलासारखी वागविली गेली. २००४ मध्ये ९९७ वाटोळे दिवे घेऊन परतली तेव्हा कारखान्यानेही टीका ऐकली होती हे दिसून आले. आमचे मत विचाराल तर हवेच्या एंजिनाला तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीच्या मोजमापांवर आणखी किती दिवस चालवावयाचे होते हा प्रश्न टीकाकारांनी स्वतःला विचारला नाही. धूर आणि आवाज यांचे नियम कडक होत चालले होते, आणि घराणे टिकावयाचे तर एंजिन बदलणे प्राप्तच होते.

क्रमांक हा केवळ शौकिनांचा चाळा आहे असेही समजू नये. प्रत्येक मोटारीवर सतरा अक्षरांचा ओळखक्रमांक कोरलेला असतो. १९९६ सालची ९९३ घेतली तर त्यातील सातवी व आठवी जागा ९ आणि ९ अशी असते आणि बाराव्या जागी ३ येतो. १९९८ सालच्या ९९६ मध्ये त्याच बाराव्या जागी ६. म्हणजे तीन आकडे तोडून दोन ठिकाणी लपविलेले. विकणारा तोंडाने काहीही म्हणो, पत्र्यावर कोरलेले साक्ष देते. जुनी गाडी घेणाऱ्याला मिस्त्री आधी हा आकडा विचारतो, कारण ९६४ चा भाग ९९३ ला बसेलच असे नाही, आणि 'नऊशे अकराचा भाग द्या' या मागणीला दुकानदारापाशी उत्तर नसते.

इतर देशांत हे कसे चालते तेही थोडक्यात सांगावे. बायेरिशे मोटोरेन वेर्के, अर्थात बीएमडब्ल्यू, ही कंपनी विकासासाठीच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर 'ई' घेऊन त्यापुढे आकडा लिही. एम३ या प्रसिद्ध गाडीची १९८६ ची पिढी ई३०, पुढची ई३६, त्यापुढची ई४६. 'ई' ची मालिका सरली तेव्हा 'एफ' आला, मग 'जी'. जपानच्या माझदाची दोन जणांची छोटी उघडी गाडी १९८९ मध्ये आली, तिचा संकेत एनए. मग १९९८ मध्ये एनबी, २००५ मध्ये एनसी, २०१५ मध्ये एनडी. ही वर्णमाला मात्र कारखान्याने स्वतःच्या करमणुकीसाठी केलेली नाही. जपानात सरकारकडे नोंदल्या जाणाऱ्या वाहन-प्रकाराचा तो भाग आहे : पहिल्या गाडीचा पूर्ण संकेत ई-एनए६सीई, त्यातील आरंभीचा 'ई' धुरासंबंधीच्या नियमाचा निदर्शक आणि ६ हा एक पूर्णांक सहा दशांश लिटरच्या एंजिनाचा. सरकारी नोंदीतली दोन अक्षरे घेऊन जगभरचे मालक संघ आपली ओळख सांगू लागले.

अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्व्हेटची गोष्ट याहून निराळी. ती १९५३ मध्ये आली. आज तिला सी१ म्हणतात, १९६३ च्या गाडीला सी२, आणि अशा रीतीने २०२० च्या गाडीपर्यंत सी८. परंतु १९५३ साली तिला कोणी सी१ म्हटले असणे शक्यच नव्हते. दुसरी आल्यावाचून पहिली 'पहिली' होत नाही. शनिवारवाड्यातील बाजीरावांना त्यांच्या हयातीत कोणी 'पहिले बाजीराव' म्हटले नाही. तो मान त्यांना मिळाला नातवाने तेच नाव धारण केल्यावर. आपल्या अँबॅसडर गाडीचेही तसेच : 'मार्क टू' आली आणि तिच्या आधीची बिचारी आपोआप 'मार्क वन' झाली. पिढीचा आकडा बहुधा मागाहून, वारसांकडून पूर्वजांना दिला जातो. ९११ चे वैशिष्ट्य इतकेच की तेथे तो आधीच वहीत लिहिलेला होता. वारसांनी फक्त दप्तर उघडले.

अलीकडे तर मालकांनी दप्तरावरही ताण केली आहे. पिढीच्या मध्यावर गाडी सुधारली की ते दशांशचिन्ह लावतात. २०१५ मध्ये साध्या कॅरेरालाही टर्बो एंजिने आली, ती ९९१.२. २०२४ मध्ये ९११ ला प्रथमच विजेच्या मोटरची जोड मिळाली, ती ९९२.२. कारखान्याच्या कोणत्याही पाटीवर हे दशांश सापडणार नाहीत.

आणि प्यूजोचे काय झाले? पिढीचा आकडा नावात ठेवणाऱ्या या कंपनीचा क्रम १९८५ मध्येच जरा विस्कटला. ३०९ आधी आली आणि ३०६ मागाहून, १९९३ मध्ये. पुढे ३०७ आणि २००७ मध्ये ३०८. त्यानंतर २०१३ मध्ये नवी पिढी आली तिचे नाव ३०९ हवे होते. ते ३०८ च ठेवले गेले. २०२१ ची पिढीही ३०८ च. २०१२ ची २०८ आणि २०१९ ची २०८ यांचेही तसेच. ज्या अंकाने पिढी सांगावयाची तो अंकच गोठला. मग एका ३०८ पासून दुसरी कशी ओळखावयाची? कारखान्याच्या आत त्यांना टी७, टी९ आणि पी५ म्हणतात, आणि सुटे भाग विकणारा दुकानदार आता तेच विचारतो. पोर्शेला जी दुहेरी नोंद प्यूजोच्या हरकतीमुळे पत्करावी लागली, ती अर्धशतकाच्या आत प्यूजोने कोणी न सांगता स्वतःच्या घरी आणली.

९०१ म्हणून तयार झालेल्या त्या ८२ गाड्यांपैकी एक, ५७ व्या क्रमांकाची, २०१४ मध्ये जर्मनीत एका कोठारात पडलेली सापडली. तीन वर्षे खपून ती दुरुस्त केली गेली आणि डिसेंबर २०१७ मध्ये श्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयात मांडली गेली. तत्पूर्वी, त्याच वर्षाच्या ११ मे रोजी, दहा लाखावी ९११ कारखान्याबाहेर पडली होती.